ताई, सगळे रंग शेवटी मातकटच का होतात?

बालवर्गातल्या रंगकामाबद्दलचे तुमचे प्रश्न मागच्या महिन्यात मागवले होते. पत्रं भरभरून आली. बरीचशी तीन ते सहा वयाच्या मुलांना शिकवणाऱ्या तायांची आहेत, काही आईबाबांची. मी स्वतः सव्वीस वर्षं याच वयाच्या मुलांच्या वर्गात आहे, त्यामुळे जे हातानं केलंय तेवढंच सांगते. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझ्या वर्गातली मुलं चार वर्षांची आहेत. मी सहा रंगांच्या वाट्या मांडते. दहा मिनिटांत सहाही वाट्यांत एकच मातकट रंग! मुलांनी रंग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून काय शिस्त लावावी?

शिस्त नका लावू. वाट्या कमी करा.

चार वर्षांच्या मुलाच्या हातात ब्रश असला आणि समोर सहा वाट्या असल्या की तो सगळ्यांत बुडवणारच. त्याला चित्र काढायचं नसतं, काय होतं ते बघायचं असतं. लाल, पिवळा आणि निळा हे तिन्ही एकत्र आले की रंगद्रव्यं एकमेकांचा उजेड शोषून घेतात आणि उरतो तो मातकट, तपकिरी रंग. यात मुलाची चूक नाही, मांडणी आपली असते.

मी पहिले दोन आठवडे फक्त दोन रंग देते, आणि तेही एकदम नाही. आधी पिवळा. पिवळा आधी का, तर तो सगळ्यांत हलका. निळ्या वाटीत पिवळ्या ब्रशचा थेंब पडला तर निळ्याला फारसं कळत नाही, पण पिवळ्यात निळा पडला की पिवळा गेलाच. मुलांना पिवळ्यानं कागद भरू द्यायचा, पाच-सात मिनिटं. मग कागदाच्या कडेला नखाएवढा निळा ठिपका ठेवायचा आणि काही बोलायचं नाही.

हे ‘काही बोलायचं नाही’ मला फार उशिरा जमलं. आधी मी उत्साहानं सांगून मोकळी व्हायचे, “बघा हं, पिवळा आणि निळा मिळून हिरवा होतो!” मुलं मान हलवायची आणि हिरवा करून दाखवायची. एकदा घसा बसला होता म्हणून गप्प राहिले. साडेतीन वर्षांच्या एका मुलीनं ठिपक्यावरून ब्रश ओढला आणि थांबली. ब्रश उलटा करून केसांकडे पाहिलं. मग कागद उचलून त्याच्याखाली पाहिलं, हिरवा तिथून आला की काय म्हणून. आणि हळूच विचारलं, “ताई, हे कुणी केलं?” मी म्हटलं, “तू.” तिनं दोन्ही हात पाठीमागे लपवले, क्षणभर थांबली आणि परत निळ्याकडे गेली. त्या दिवशी तिनं जवळजवळ अर्धा तास हिरवेच काढले, प्रत्येक वेगळा. त्या मुलीला हिरवा कसा होतो ते पुन्हा कधी सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात पिवळा-लाल. त्यानंतर कुठलाही एक रंग आणि भरपूर पांढरा. हा पांढऱ्याचा आठवडा बऱ्याच ताया गाळतात, पण मुलं त्यातच सगळ्यांत जास्त रमतात. तीन रंग एकत्र मी महिन्यानंतर देते. तेव्हा मातकट रंग झाला तर मुलांना तो ‘झाला’ असं वाटत नाही, त्यांनी तो ‘केलेला’ असतो.

एक व्यावहारिक गोष्ट. प्रत्येक वाटीचा ब्रश त्या वाटीतच राहील असं ठरवून घ्या. ‘पिवळ्याचं घर, निळ्याचं घर’ म्हटलं की तीन वर्षांच्या मुलालाही कळतं. रंग इतका दाट ठेवा की ब्रश उचलल्यावर थेंब सावकाश पडावा. पातळ रंग कागदावरून ओघळतो आणि मुलाच्या हातात काही राहत नाही.

प्रश्न : लाल आणि निळा मिसळून जांभळा होतो असं पुस्तकात असतं. आमच्याकडे कायम काळपट चिखल होतो. आमचे रंग खराब आहेत का?

खराब नाहीत, लाल वेगळा आहे. बाटलीतला नेहमीचा लाल बहुधा शेंदरीकडे झुकलेला असतो, म्हणजे त्यात पिवळ्याचा अंश असतो. त्यात निळा घातला की तिन्ही रंग एकत्र आल्यासारखंच होतं. लालच्या जागी गुलाबीकडे झुकणारा, किरमिजी रंग घ्या. छपाईतही लाल-निळा नसतो, किरमिजी, आकाशी आणि पिवळा असे तीन मूळ रंग आणि जोडीला काळा असतो, त्याचंही कारण हेच. किरमिजीत थोडा थोडा निळा घाला, छान जांभळा येतो.

प्रश्न : वर्गात तीस मुलं आणि मी एकटी. रंगांचं नाव काढलं तरी पोटात गोळा येतो. सगळ्यांना एकाच वेळी कसं बसवायचं?

बसवायचंच नाही. एका वेळी चार किंवा पाच मुलं. बाकीच्यांना ठोकळे, माती, चित्रांची पुस्तकं. रंगांचा एक कोपरा ठरवून टाका आणि तो रोज तिथेच राहू द्या. तो रोज असतो हे कळलं की पहिल्या दिवशीची झुंबड आठवड्याभरात ओसरते. मुलं तुटून पडतात ती रंग कधीतरीच मिळतात म्हणून.

माझ्याकडे कोपऱ्यात चार जुने शर्ट टांगलेले असतात, पुढची बाजू मागे करून घालायचे. शर्ट रिकामा असेल तर जागा आहे, नसेल तर थांबायचं. मला कुणाला ‘तुझी पाळी नाही’ म्हणावं लागत नाही, शर्टच सांगतो. जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं, टेबलावर कागदाची चारही टोकं चिकटपट्टीनं घट्ट. कागद हलला की तीन वर्षांचं मूल एका हातानं कागद धरतं, दुसऱ्यानं रंगवतं, आणि वाटी कोपरानं पडते. कागदाची टोकं मोकळी सोडणं हे अर्ध्या सांडासांडीचं कारण असतं.

कागद मोठा हवा, निदान ‘ए-३’, म्हणजे ४२ सेंटीमीटर लांब आणि जवळजवळ ३० सेंटीमीटर रुंद. या वयात हात खांद्यापासून हलतो, मनगटापासून नाही. लहान कागदावर त्यांचा हात मावत नाही, मग रंग टेबलावर जातो आणि आपण ओरडतो. छपाईचा साधा कागद ७०-८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) असतो, ओला झाला की सुरकुततो आणि फाटतो. १२० च्या वरचा घ्या, किंवा सरळ पुठ्ठ्याची खोकी उलगडून वापरा.

आवरणं हाही कामाचा भाग ठेवा. ब्रश धुवायला मुलांना मनापासून आवडतं, पाण्यात रंग सुटताना बघत ती कितीही वेळ उभी राहतात. मदतनीस मावशींवर सगळं टाकलं की मावशींना रंगकाम नकोसं होतं आणि मग ते वर्गातूनच जातं. मी हे होताना पाहिलंय.

प्रश्न : माझा मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे. त्याच्या ताई सांगतात की तो रंगाला हातच लावत नाही, बोटाला थेंब लागला तरी रडतो. त्याच्यात काही कमी आहे का? जबरदस्ती केली तर सवय होईल का?

जबरदस्ती नको. हात धरून रंगात बुडवलेलं मूल पुढे बरेच दिवस रंगाच्या टेबलाच्या आसपास फिरकत नाही. ओलं, चिकट, गार असं काही कातडीला लागलेलं काही मुलांना खरंच सोसत नाही. ते नाटक नसतं.

त्याच्या ताईंना हे करून बघायला सांगा. जाड प्लास्टिकच्या, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत दोन चमचे पिवळा आणि दोन चमचे निळा रंग घालायचा, हवा काढून तोंड बंद करून त्यावर चिकटपट्टी मारायची आणि पिशवी टेबलाला किंवा खिडकीच्या काचेला चिकटवायची. बाहेरून बोटानं दाबायचं. रंग सरकतो, मिसळतो, रेघा उमटतात आणि हात कोरडाच राहतो. माझ्या वर्गातला असाच एक मुलगा पिशवीपाशी सहा दिवस उभा राहिला. सातव्या दिवशी त्यानं चिमट्यात धरलेला स्पंज घेतला. ब्रश घ्यायला महिना गेला. शेजारी कायम ओलं फडकं ठेवलेलं असायचं. हात कधीही पुसता येतो हे कळल्यावर पुसण्याची घाई कमी झाली.

रंगाबरोबरच वाळू, चिखल, केस धुणं, कपड्यांच्या शिवणी, मऊ पदार्थ या सगळ्यालाच तो रोज कासावीस होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांशी जरूर बोला. फक्त रंग नको असेल तर थांबा.

प्रश्न : पालकसभेला भिंतीवर मुलांची चित्रं लावायची असतात. आमच्या मुख्याध्यापिका म्हणतात, ‘ओळखू येईल असं काहीतरी हवं.’ मी साचे कापून देते, मुलं आत रंग भरतात. तरी शेवटचा हात मलाच मारावा लागतो. हे बरोबर आहे का?

या प्रश्नाचं उत्तर देताना मला माझ्या तिसऱ्या वर्षातली भिंत आठवते. अठ्ठावीस फुलपाखरं होती. सगळी मी कापलेली, मिशा मी चिकटवलेल्या. मुलांनी फक्त पंखांवर ठिपके दिले होते आणि तेही मी दाखवलेल्या जागी. पालक भिंतीपाशी उभे राहून कौतुक करत होते. एक मुलगा आजीचं बोट धरून पहिल्या फुलपाखरापासून शेवटच्यापर्यंत गेला, परत उलटा आला आणि मला म्हणाला, “ताई, माझं कुठंय?” खाली नाव होतं, पण त्याला वाचता येत नव्हतं. आणि नावाशिवाय ते मलाही शोधता आलं नाही. त्या संध्याकाळनंतर मी साचा हातात घेतला नाही.

तेव्हा माझं उत्तर स्पष्ट आहे, साचे बंद करा. मुख्याध्यापिकाबाईंना सांगायला आधार हवा असेल तर हा घ्या. ऱ्होडा केलॉग या अमेरिकन बालशिक्षण अभ्यासक बाईंनी जगभरातली मुलांची चित्रं प्रचंड संख्येनं गोळा केली आणि मुलांच्या गिरगोट्यांत २० मूळ प्रकार वेगळे काढले. ठिपका, उभी रेघ, आडवी रेघ, नागमोडी, गोल फिरणारी, असे. त्यांतूनच पुढे बंद गोल येतो, गोलाला किरणं फुटतात, आणि एक दिवस त्याच गोलाला डोळे आणि दोन लांब पाय येतात. तो पहिला माणूस. त्याला पोट नसतं आणि हात डोक्यातून निघतात. मूल इथवर स्वतःच पोचतं, बहुतेक वेळा चौथ्या वर्षाच्या आगेमागे. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली मांडलेल्या मुलांच्या चित्रांच्या टप्प्यांतही दोन ते चार हे वय गिरगोट्यांचंच आहे. छापील चित्रात रंग भरायला देण्याला त्यांचा ठाम विरोध होता.

त्याच टप्प्यात मूल आधी रंगवतं आणि मग नाव देतं. सकाळी घोडा असतो, दुपारी त्याच कागदाचा पाऊस होतो. खोटं बोलत नसतं ते. म्हणून ‘हे काय काढलंयस?’ हा प्रश्न मी विचारत नाही. ‘मला याच्याबद्दल सांग’ म्हणते, किंवा नुसतं जे दिसतं ते बोलते, ‘इथे तू खूप जोरात दाबलंयस.’ त्यावर मुलं जे सांगतात ते त्यांच्याच शब्दांत मागे पेन्सिलनं, तारखेसकट लिहून ठेवते.

भिंतीवर तीच वाक्यं चित्राशेजारी लावा. ‘हा वारा आहे आणि तो घरी चाललाय’ असं एका निळ्या फराट्याखाली लिहिलं होतं, तेव्हा त्या मुलीचे वडील त्या फराट्यापुढून हलले नाहीत. ओळखू येणं म्हणजे काय ते मुख्याध्यापिकाबाईंना अशी एक भिंत दाखवूनच पटेल, वाद घालून नाही.

आणि तरीही ‘काहीतरी छान दिसणारं’ हवंच असेल, तर शेवटचा हात मारावा लागत नाही असे प्रकार आहेत.

घडीचं चित्र : कागद मधोमध दुमडून उघडायचा, एका अर्ध्यावर चमच्यानं दोन-तीन रंगांचे ठिपके टाकायचे, परत मिटून मुलानं तळव्यानं चोळायचं. उघडायच्या आधी थोडं थांबा, वर्ग श्वास रोखून बसतो.

मेणाचं गुपित : पांढऱ्या कागदावर पांढऱ्या मेणखडूनं खूप दाबून काढायचं आणि वरून पातळ रंग फिरवायचा. मेण पाण्याला चिकटू देत नाही, रेघा उजळून वर येतात. इथे मात्र रंग पाण्यासारखा पातळ हवा, दाट रंग मेणालाही झाकून टाकतो. आदल्या दिवशी स्वतः करून बघा.

पानाचा ठसा : ताजं पान घ्या, वाळलेलं चुरतं. रंग मागच्या बाजूला लावायचा, शिरा तिकडे उठून असतात. वर दुसरा कागद ठेवून मुठीनं दाबायचं.

गडगड : खोक्याच्या झाकणात कागद, त्यात रंगात बुडवलेली गोटी, आणि झाकण इकडून तिकडे कलवत राहायचं. दोघांनी मिळून धरलं तर आणखी मजा. गोट्या मोजून द्यायच्या आणि मोजून परत घ्यायच्या. तीन वर्षांखालच्या मुलांना गोटी अजिबात नको, ती घशात अडकू शकते. त्यांना मोठं खोकं आणि टेनिसचा चेंडू द्या.

प्रश्न : स्ट्रॉनं फुंकून रंगाची झाडं काढतात, ते किती वर्षांपासून करता येईल?

वयापेक्षा आधी हे तपासा, मुलाला फुंकणं आणि ओढणं यातला फरक कळतो का? स्ट्रॉ दिसली की पिण्याची सवय असते. मी आधी टेबलावर कापसाचा गोळा ठेवून कोरडी फुंकर मारायला लावते. गोळा पुढे गेला तर ठीक. शिवाय स्ट्रॉच्या वरच्या भागात टाचणीनं एक भोक पाडते, म्हणजे कुणी ओढलंच तर हवा येते, रंग सहसा वर चढत नाही. स्ट्रॉ ज्याची त्यालाच. दोन-तीन फुंकरींनंतर विश्रांती, नाहीतर चक्कर येते. चार वर्षांच्या आतल्यांना मी देत नाही.

प्रश्न : बोटांनी रंगवायला कोणता रंग सुरक्षित? मुलं तोंडात घालतात.

घालणारच. लहान मुलांसाठी म्हणून बनवलेला, डब्यावर तसं लिहिलेला, पाण्यानं धुतला जाणारा रंग घ्या. युरोपातलं खेळण्यांचं जे ‘ईएन ७१’ मानक आहे, त्याचा सातवा भाग खास बोटांनी वापरायच्या रंगांसाठी आहे. त्यानुसार या रंगांत कडू पदार्थ घालावा लागतो, म्हणजे मुलानं एकदा चाटलं की पुन्हा चाटत नाही. मोठ्यांचे अ‍ॅक्रिलिक आणि तैलरंग वर्गात नकोत. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर कपड्यांतून निघत नाही, आणि मोठ्यांच्या काही रंगांतली रंगद्रव्यं विषारी असतात. जुन्या, लेबल गेलेल्या बाटल्या टाकून द्या, जीव कितीही तुटला तरी. धुण्याच्या सोयीसाठी रंगात थेंबभर द्रवरूप साबण मी घालते, पण फक्त ब्रशच्या रंगात, बोटांच्या नाही.

प्रश्न : माझी मुलगी चार वर्षांची झाली तरी ब्रश मुठीतच धरते.

धरू दे. तीन बोटांची पकड साधारण साडेतीन ते पाचच्या दरम्यान हळूहळू येते. आखूड आणि जाड दांड्याचा ब्रश द्या, आणि खडू देताना मुद्दाम मोडून बोटाच्या पेराएवढा तुकडा द्या, तो मुठीत धरताच येत नाही. भिंतीवर कागद लावून उभ्यानं रंगवू द्या, त्यानं खांदा आणि मनगट तयार होतं. बोटं पकडून दुरुस्त करत बसू नका.

प्रश्न : आमच्या वर्गात नळ नाही, फरशी नवीन आहे, आणि रंगांना साफ परवानगी नाही. मी काय करू? मुलांसाठी जीव तुटतो.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. रंगांशिवाय सुरुवात करा, मी खरंच सांगतेय. एक बादली पाणी, घराला रंग देतात तसले चार रुंद ब्रश, आणि बाहेरची भिंत किंवा अंगण. बस. पाण्यानं रंगवायचं. कोरडी भिंत ओली झाली की गडद होते, ब्रशचा फटकारा स्पष्ट दिसतो, आणि धुवायला काहीच उरत नाही. या रंगकामाला कोण नाही म्हणणार? दोन आठवडे हे करा, मुख्याध्यापकांना बघायला बोलवा, मुलं किती वेळ एका जागी टिकतात ते त्यांना दिसू दे. मग पिशवीतला रंग मागा, मग एक वाटी. मला अशीच पायरीपायरीनं मिळाली होती परवानगी.

आमच्याकडे एक चार वर्षांचा मुलगा होता, वर्गात फारसा न बोलणारा. उन्हातल्या भिंतीवर त्यानं मोठा गोल काढला आणि शेजारी दुसरा काढेपर्यंत पहिला वाळून गेला. तो बराच वेळ त्या जागेवर हात फिरवत राहिला. मग परत काढला. परत गेला. बादली दोन्ही हातांनी ओढत तो भिंतीच्या टोकाला, सावलीत गेला आणि तिथे काढून बघितला. तो राहिला. वाळेपर्यंत तो त्याच्यापुढे उकिडवा बसून होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं एका मुलीचा हात धरून तिला सरळ त्या टोकाला नेलं आणि म्हणाला, “इथे काढ. इथे राहतं.”